टेक्सासचं डुक्कर, कुहीचं डुक्कर

।। श्री ।।

ऑस्टिन, टेक्सास
६ ऑक्टोबर २०२४

ती. वंदनाआत्यास,
दिपालीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र अश्विनने फोटो काढून पाठवलं, पण कोपऱ्यात त्याचा अंगठा आला, त्यामुळे तुझ्या नवरोबांच्या, म्हणजे आमच्या मामाजींच्या गुडघ्याचं पुढे काय झालं ते कळलंच नाही. तुझ्या लेकाला म्हणावं, लकडगंजात सागाच्या फळ्या धरतोस तसं आईचं पत्र धरू नको. तू फोनवर धड बोलत नाहीस आणि व्हिडिओवर तोंड फिरवतेस, म्हणून हा सगळा खटाटोप. पण खरं सांगते, आता मलाही याचीच सवय झाली आहे. बोलताना जे घशात अडकतं ते लिहिताना निघतं.

आज तसंच काहीतरी आहे. आमच्या ऑफिसातली सात-आठ माणसं दर नोव्हेंबरात शिकारीला जातात. ट्रॅव्हिस म्हणून आमचा साहेब आहे, त्याच्या वडिलांचं मोठं रान आहे. इथे रँच म्हणतात. गाडीने चार तास, त्यातला शेवटचा तास कच्चा रस्ता, फोन लागत नाही. तिथे रानडुकरं मारायची, आणि तीही बंदुकीने नाही, धनुष्यबाणाने. जेवणाच्या सुट्टीत हे बोलणं चाललं होतं आणि मी महाराष्ट्राकडून तिरंदाजी खेळले आहे हे माझ्या तोंडून निघून गेलं. झालं! तेव्हापासून रोज कोणीतरी येऊन धनुष्य कसं धरायचं ते विचारतं. दोन वर्षं मी त्या ऑफिसात कोपऱ्यात बसून डबा खाल्ला आहे, आत्या. मला इतकं बरं वाटलं की मी येते म्हणून बसले.

आता पंचाईत झाली आहे. तुझ्या हुडकेश्वरच्या मैदानावर तुझ्या हाताखाली शिकण्यात माझं अर्धं लहानपण गेलं, पण तीर मारले ते गवताच्या टार्गेटवर. जिवंत जनावरावर कधी धनुष्य उचललं नाही. तूच सांग, जाऊ की नको. तू नको म्हणालीस तर नाही जाणार. घरच्यांना चालत नाही म्हटलं की इथे कोणी पुढे विचारत नाही.

सुशीलचा नमस्कार. माझ्यावर जेवढा लोभ होता तेवढा राहू दे, हे वाचून त्यात काटछाट करू नकोस.

तुझी,
दिपाली


नंदनवन, नागपूर
१३ ऑक्टोबर २०२४

चि. दिपालीस,
वंदनाआत्याचे अ. उ. आ.

काल दसरा झाला. मुलींनी सकाळी मैदानावर धनुष्यं पुसून मांडली, हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. मैदानाच्या बाजूला आणखी एक इमारत उठते आहे, त्यामुळे आता आम्ही उत्तरेकडे तोंड करून मारतो. मामाजींच्या गुडघ्याला डॉक्टरांनी आराम सांगितला आहे, म्हणून ते रोज कुहीला शेतावर जातात.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तिले म्हण, तिकडं काहून जातं वं? कुहीले ये. डुकरायची का कमी हाय आपल्या वावरात?" आणि स्वतःच हसत बसले.

आता तुझ्या प्रश्नाचं. तुला माझ्याकडून 'नको' हवं आहे. ते माझ्या नावावर ऑफिसात खपवायचं आणि आपण सुटायचं. ते मी देणार नाही. 'हो'ही देणार नाही. तू सावजी मटणाच्या रश्शात भाकरी कुस्करून बोटं चाटणाऱ्या घरातली मुलगी आहेस, बकरा कोणी कापला हे आपण कधी विचारलं नाही. तेव्हा दयाधर्माचं व्याख्यान माझ्या तोंडी शोभत नाही. ठरवायचं ते तूच ठरव.

एवढं मात्र सांगते. गेलीस तर पूर्ण तयारीने जा. स्पर्धेत एक तीर वाया गेला तर पुढचा असतो, तिथे बहुतेक एकच मिळेल. म्हणून रोज सकाळी अंग गरम न करता एकच तीर मार आणि धनुष्य ठेवून दे. बसून मार, जाड कोट घालून मार. आणि खात्री नसेल तर दोरी सोडू नकोस. जनावर जखमी होऊन पळालं तर ते तिथे कुठेतरी दोन दिवस मरत पडेल आणि तू इकडे मीटिंगमध्ये बसशील.

सुशीलरावांना आशीर्वाद. माझा लोभ काही दुकानातलं कापड नाही काटछाट करायला, तो आहे तिथेच आहे.

तुझी,
आत्या


ऑस्टिन
२७ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
दिपालीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी तुझ्यावर रागावले होते. मग रोज एक तीर मारायला लागले.

तयारी कशी चालली आहे ते ऐक. डुकराचं नाक फार तिखट, म्हणून अंगाला, कपड्यांना कसलाही वास नको. बिनवासाचा साबण आणला आहे. ट्रॅव्हिसने माझ्या कोटाचा वास घेतला आणि अगदी सभ्यपणे विचारलं की हा कसला मसाला. हिंग आणि मोहरी, दुसरं काय! तेव्हापासून घरात फोडणी बंद आहे. सुशील उकडलेल्या भाज्या खातो आणि माझ्याकडे असा बघतो की शिकार त्याचीच व्हायची आहे. शिकारीचे कपडे बाल्कनीत वाळतात आणि नंतर पानं भरलेल्या पिशवीत जातात. खोबरेल तेलही सोडलं आहे, केसांचा झाडू झाला आहे.

धनुष्य नवीन पद्धतीचं आहे, चाकांचं. पूर्ण ताणल्यावर हातावर भार फार कमी येतो, त्यामुळे बराच वेळ धरून ठेवता येतं. तीर बसतो आहे, आत्या. रोज एक, आणि जिथे हवा तिथे. सगळे म्हणतात की या वर्षी पहिलं डुक्कर माझंच. मला ते ऐकायला आवडतं, आणि आवडतं म्हणूनच रात्री झोप लागत नाही. आपण पिवळ्या गोलाकडे बघून मारायला शिकलो. तो गोल आपल्याकडे बघत नव्हता. डुक्कर बघेल, तेव्हा मी कुठे बघू?

उत्तर नाही दिलंस तरी चालेल, पण लोभ धरून ठेव.

तुझी,
दिपाली


नंदनवन, नागपूर
४ नोव्हेंबर २०२४

चि. दिपालीस,
अ. उ. आ.

दिवाळी झाली. चकल्या कडक झाल्या, अश्विनने तरी संपवल्या.

कुठे बघायचं विचारतेस. मला माहीत नाही, कारण मीही कधी मारलं नाही. आणि आता मलाही ते विचारायची वेळ आली आहे. गेल्या आठवड्यात डुकरांचा कळप आपल्या वावरात शिरला. धान लोळवलं, तूर मुळापासून उपटली. मामाजी लंगडत रात्रभर डबे वाजवत फिरतात. बांधावर दोनदा पडले, मला सांगितलं नाही, शेजारच्यांकडून कळलं. वनखात्याकडे रीतसर मागितलं तर परवानगी मिळते, मारणारी माणसं बंदुका घेऊन येतात. पण वावर माझ्या बाबांनी माझ्या नावावर केलेलं, तेव्हा मागणं मलाच करावं लागेल. मामाजी रोज विचारतात. मी रोज उद्या म्हणते.

तुला मोठ्या तोंडाने सांगितलं, ठरवायचं ते तूच ठरव. बोलायला सोपं होतं. तू शनिवारी निघशील. मचाणावर बसलीस तर कमरेचा पट्टा बांध, पाणी जास्त ने. जे करशील ते मला खरं खरं लिही, सजवू नकोस.

मनात धाकधूक आहे आणि लोभही आहे, दोन्ही तुझ्याच नावाने.

तुझी,
आत्या


ऑस्टिन
१२ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
दिपालीचा शि. सा. न. वि. वि.

खरं खरं लिहिते.

ते रान मोठं आणि कोरडं आहे, बाभळीसारखी काटेरी झाडं आणि पिवळं गवत. त्यांचीही शेतं डुकरं उकरून टाकतात. ट्रॅव्हिसचे वडील ते खड्डे दाखवताना मामाजींच्याच सुरात बोलत होते. शनिवारी संध्याकाळी मी आणि ट्रॅव्हिस एका आडोशात बसलो. ऊन उतरल्यावर एक डुक्कर आलं आणि आडवं उभं राहिलं. वारा त्याच्याकडून आमच्याकडे येत होता. मी धनुष्य ताणलं. सगळं बरोबर होतं, हात स्थिर होता. आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "मैदान मोकळं?"

तुझी सवय, आत्या! पहिला तीर सोडण्याआधी ओरडून विचारायचं आणि टार्गेटजवळ कोणी नाही असं उत्तर आल्याशिवाय दोरी सोडायची नाही. इतक्या वर्षांनी ती माझ्या आधी बोलली. डुक्कर कुठल्या कुठे गेलं. ट्रॅव्हिस आधी चक्रावला, मग टोपी पडेपर्यंत हसला. रात्री शेकोटीपाशी सगळे एकमेकांना 'मेदान मोकला' म्हणत होते. दुसऱ्या दोघांना डुकरं मिळाली होती. त्यांनी ती साफ केली, भाजली. मी खाल्लं. चांगलं लागलं, हेही लपवत नाही.

रविवारी सकाळी मी मचाणावर एकटी होते. एक आलं. म्हातारा नर, एकटाच, एक कान फाटलेला. पिल्लं नव्हती, दयेला काही निमित्त नव्हतं. मी ताणलं आणि धरून ठेवलं. तो मुळं खात होता. तीर बसणार हे मला हातात कळत होतं. आणि मग मी पुन्हा विचारलं, मैदान मोकळं? या वेळी सवयीने नाही. ठरवून, मोठ्याने. तो गेला. खाली उतरून मी सगळ्यांना सांगितलं की काही दिसलंच नाही.

सोमवारी ऑफिसात मला जेवायला त्यांच्या टेबलावर बोलावलं. पुढच्या वर्षी तुझी पाळी आहे म्हणाले. मी मान हलवली. ती माणसं चांगली आहेत, आत्या, आणि मी त्यांच्याशी खोटं बोलले. मी भित्री आहे का? एवढं तरी सांग.

लोभ असेल तर तोही सांग, न सजवता.

तुझी,
दिपाली


नंदनवन, नागपूर
२६ नोव्हेंबर २०२४

चि. दिपालीस,
अ. उ. आ.

हे पत्र अश्विनकडे दिलं नाही. पोस्टात टाकते आहे, पोचेल तेव्हा पोचेल. तुझं पत्र मी मैदानावर बसून वाचलं आणि इतकी हसले की मुली विचारायला आल्या. दुसरं डुक्कर वाचताना हसू थांबलं.

तू भित्री नाहीस. ताणलेलं धनुष्य खाली घ्यायला काय लागतं ते मला माहीत आहे. पण तुझं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी मामाजी तिसऱ्यांदा पडले, या वेळी मनगटावर. तेव्हा मी मागणं करून टाकलं. परवानगी आली. गेल्या गुरुवारी दिवस मावळायला माणसं आली. त्यांनी मला घरात थांबायला सांगितलं. मी म्हटलं, वावर माझं आहे, मी बांधावर उभी राहीन. एका गोळीत झालं. त्यांनी काम चोख केलं, माझी काही तक्रार नाही.

जवळ जाऊन पाहिलं तर मादी होती. आचळ दुधाने भरलेले होते.

बाकीचा कळप पळाला तो अजून फिरकला नाही. तूर वाचली, धान वाचलं, आता रात्री मामाजी घरी झोपतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हात गळ्यात बांधलेला असताना ते तुरीत पिल्लं शोधत फिरत होते. मी काहून म्हणून विचारलं, तर म्हणाले, "असंच पाहून राहिलो." दुपारपर्यंत फिरले. सापडली नाहीत.

तू विचारलं होतंस, कुठे बघायचं. मी सगळीकडे बघितलं, दिपाली, आणि तरी काय करायला हवं होतं ते मला कळलं नाही. तू सोडलंस त्याचं मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचा रागही आला, कारण तुझ्या वाट्याचं तिकडे कोणीतरी दुसरं मारेलच आणि माझ्या वाट्याचं मलाच मारावं लागलं. या घरात हे कोणाशी बोलता येत नाही. अश्विन म्हणेल, झालं ना काम. मामाजींना विचारायची मला हिंमत नाही.

ऑक्टोबरात तू माझ्याकडे एक उत्तर मागितलंस आणि मी मोठ्या तोऱ्यात दिलं नाही. आता मी मागते आहे. मी केलं ते बरोबर होतं का?

लोभ ठेव. आणि माझ्यासारखं करू नकोस, उत्तर दे.

तुझी,
आत्या