लेथवरचा पाय

उदयदादा,

खंडेनवमीला शिरोलीच्या तुझ्या कारखान्यात लेथ मशीनला हार घातलास, तोफगोळ्यांच्या नव्या कवचांना कुंकू लावलंस आणि तूच मागून घेतलेलं, मी काढलेलं चित्र पावण्यांदेखत भिंतीकडं तोंड करून ठेवलंस. वर म्हणालास, "लेथवर माणसाचा पाय फिरतोय! असलं कुठं असतंय व्हय?"

असतंय की! तुझ्या दाजींचा डावा पाय सीमेवर गोळ्यानं उडाला, तरी त्या पायाची बोटं रोज खाजत्यात. ते कळवळत्यात आणि मी रिकामी चादर खाजवत बसते. तेव्हा कुठं त्यांना बरं वाटतंय. तोच पाय मी तुझ्या लेथवर काढलाय. तुला डोंगर-नदी पायजे असंल तर कॅलेंडर लाव.

हे पत्र मी धाडत न्हाय. भाऊबीजेला येशीलच. ओवाळायच्या आधी तुला त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी बसवणार हाय. ती बोटं तू खाजव.

तुझीच बहीण,
मोना