पिल्लांच्या बदल्यात गिटार

६ जून १९६५, रविवार
चर्चबाहेर बातमी कळली. उत्तरेकडचा कुणी गोरा साहेब जुन्या ब्लूजवाल्यांना शोधत आमच्या डेल्टात हिंडतोय. गाणं टेप करतो, रेकॉर्ड काढतो. म्हणजे मलाच शोधतोय. दुसरं आहे कोण? शेजारचा क्लिओथा? तो माझंच बघून शिकला.
आजपासून रोज रियाज. मक्याची दारू बंद.

८ जून
रियाज नाही. उकाडा फार. आमच्या बायकोचं, ओडेसाचं मत, मी वाजवायला लागलो की कोंबड्यासुद्धा अंगण सोडतात. ती पडली चर्चची बाई; ब्लूज म्हणजे सैतानाचं गाणं, हे तिचं जन्माचं पालुपद. माझ्या नावाची रेकॉर्ड तिच्या चुलीसमोरच टांगतो.
दारू घेतली. घशासाठी.

११ जून
साहेब उद्या येतोय. सूटला इस्त्री. इलेक्ट्रिक गिटार पुसली. जुन्या लाकडी गिटारचं खोकं क्लिओथाच्या गळ्यात मारून डुकराची दोन पिल्लं घेतली होती. कसा गंडवला!

१२ जून, संध्याकाळी
सूट बघून साहेब हिरमुसला. शेतातले कपडे नाहीत का, म्हणाला. पहिलाच सूर लावला तर कानांवर हात. त्याला लाकडी गिटार हवी, तारांवर बाटलीचा गळा घासून वाजवलेली. शिकलेला, पण अडाणी. शिकागोत आता लाकडी कोण वाजवतं?
नाइलाजाने त्याला घेऊन क्लिओथाकडे गेलो. गिटार तासभर उसनी मागितली.
क्लिओथा म्हणाला, "ने की. आधी माझी पिल्लं आण."
पिल्लं गेल्या नाताळातच पोटात गेली, हे त्याला पक्कं ठाऊक. जेवायला तोही होता.
मग तोच बसला वाजवायला. साहेबाने टेप चालू केला. मळके कपडे अंगावर होतेच. साहेबाचे डोळे पाणावले. धूळ गेली असेल. माझा पाय तेवढा पडवीच्या फळीवर ताल धरत होता. कुणीतरी सांभाळून घ्यायला हवंच.

५ डिसेंबर
रेकॉर्ड आली. क्लिओथाकडे ऐकायला गेलो. ओडेसाही आली, चर्चच्या टोपीसकट. वेष्टनावर क्लिओथाचा फोटो, मांडीवर माझी गिटार. माझं नाव कुठेच नाही. छापणाऱ्याची चूक. कळवायला हवं.
सैतानाचं नाव ओडेसाने आज काढलं नाही. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. घरी परतताना टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाली,
"रेकॉर्डवर ठकठकणारा पाय तुझाच होता ना? क्लिओथाच्या पुढे पळत होता."