दुसरं फुप्फुस

प्रिय दादा,

रागात लिहितोय, अक्षर वाकडं आहे, तरी शेवटपर्यंत वाच. कामं सोडत फिरतो म्हणून तू मला भिंगऱ्या म्हणतोस. हे सहावं काम. डॉक्टरकीच्या कॉलेजात फुप्फुसातल्या नळ्यांचे साचे काढतो. लाल रसायन आत ओतायचं, घट्ट झालं की वरचं मांस तेजाबात विरघळवायचं. उरतं ते उलटं धरलेलं झाड. फांदीला दोन फांद्या, त्यांना आणखी दोन, बघता बघता डोळे दुखतात. मोडलेली बारीक डहाळी उचलावी तर तीही अख्खं झाडच, फक्त नखाएवढं. मी सातवी नापास, पण मोठ्यात जे तेच बारक्यात, एवढं मला कळतं.

मागच्या महिन्यात एका बेवारस माणसाचं डावं फुप्फुस ओतलं. साचा निघाला छाटल्यासारखा, फांद्या मध्येच थांबलेल्या, डहाळ्या नाहीतच. काम शिकवणारे उस्ताद खेकसले, रसायन काय तुझ्या घरचं होतं, एवढा हात आखडलास? मी शपथा घेतल्या. मग उजवं त्यांच्या देखत ओतलं. तेही तसंच बोडकं. उस्ताद बराच वेळ ते फिरवून बघत राहिले. म्हणाले, पोरा, तुझी चूक नाही. हा दगडाच्या धुळीत राबलेला दिसतो, आतल्या वाटाच बुजल्यात.

मी जिन्यात जाऊन बसलो. उशी पोटाशी घेऊन बसल्या बसल्या झोपणारे आप्पा दिसायला लागले. तीस वर्षं खाणीवर दगड फोडला त्यांनी. सिगारेटच्या वासानंही ठसका लागायचा त्यांना, आणि ते सिगारेटी ओढून गेले, असं लिहिलेल्या कागदावर तू खाणीच्या मालकासमोर सही केलीस. पंधरा दिवसांत त्याच खाणीवर मुकादम झालास. मी न भांडता घर सोडलं, तेवढं माझं चुकलं.

ती सही मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. पण पत्र त्यासाठी नाही. रविवारी फोनवर मला शिव्या घालताना तू तीनदा थांबलास. दोन कोरडे खोकले, मग एक लांब, आणि शेवटी घशातली ती बारीक शीळ. अगदी आप्पांची. आईनं फोन घेतला, म्हणाली, काही नाही रे, हल्ली सिगारेट ओढतो म्हणे, त्यानंच सांगितलं. दादा, तू ओढत नाहीस. उद्याच्या उद्या छातीचा फोटो काढ, आणि डॉक्टरनं काय काम करतोस विचारलं, तर निदान या वेळी खरं सांग.

तुझाच,
भिंगऱ्या