बिनग्रीपची गाडी

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.१०
टायर या वस्तूची मला किळस आली आहे. आज लिहून ठेवतो. बावीस वर्षं निमगाव केतकीत ‘इकबाल टायर्स’ चालवतोय. हाताला रबराचा वास, उशीला रबराचा वास, ईदच्या शिरखुर्म्यालाही तोच. कारखाना सुरू झाला की भवानीनगरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांचे टायर फुटतात आणि लोक मला भरल्या ताटावरून उठवतात. डॉक्टरांनी बीपी बघितला आणि विचारलं, काही छंद वगैरे?
छंद पाहिजे. टायरशी काडीचा संबंध नसलेला.

सायं. ६.३०
छंद मिळाला. रिमोटवर चालणारी मोटार. तिला ड्रिफ्ट कार म्हणतात. हातभर लांब. रीलमध्ये पाहिली. ती सरळ जात नाही, वळणावर आडवी घसरत जाते. आपल्याकडे ट्रॉली आडवी झाली की क्रेन बोलावतात. तिकडे मुद्दाम आडवी करतात आणि लोक टाळ्या वाजवतात. हा खेळ माझ्यासाठीच आहे. गाडी या विषयात मला कोणी शिकवू शकत नाही.
हीनाला सांगितलं. बायकोने पहिला प्रश्न काय विचारावा? म्हणे, त्या गाडीला टायर नसत्यात का? मी म्हणालो, ते खेळण्यातले. धरायचे नसतात.

५ नोव्हेंबर, बुधवार
ट्रॅक वरच्या खोलीत करायचा. फरशी आरशासारखी गुळगुळीत आहे. हीनाचं तोंड लगेच वाकडं. तिला तिथे शिवणक्लास काढायचाय. दोन मशिनी तीन वर्षं जिन्याखाली चादर पांघरून बसल्यात आणि पाच मुली नाव नोंदवून थांबल्यात, हे तिने मला चौदाव्यांदा ऐकवलं. मग म्हणाली, ह्याच खोलीत तुमची कबुतरं व्हती, ती शेजारी राहाय गेली. सायकल व्हती, तिच्यावर आता चादरी वाळत्यात. इंग्लिश बोलायचा कोर्स केला, तर तुमी गुड मॉर्निंगच्या फुडं गेला न्हाय.
वाईट वाटलं. खरं सांगायचं तर सगळ्या घरात ती एकच जागा अशी आहे जिथे मला कोणी ‘टायर बघा जरा’ म्हणत नाही. हे तिला सांगितलं नाही. सांगून कळत नसतं.
शेवटी करार केला. दुकानाच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह. २१ डिसेंबरला बारामतीत ड्रिफ्टवाल्यांची मीट, म्हणजे मेळावा, आहे. तिथे इकबाल स्वतः रिमोट धरून गाडी आडवी घसरवत आठाचा आकडा एकदा पूर्ण काढेल. काढला तर खोली कायमची त्याची. नाही निघाला तर १ जानेवारीपासून शिवणक्लास. साक्षीदार म्हणून अम्माची सही घेतली. अम्मा चौऱ्याहत्तरची, गुडघे गेलेले, नजर शाबूत. सही करून म्हणाली, मलाबी बघाय न्या.
सहा आठवडे आहेत. मला दोन पुरतील.

११ नोव्हेंबर, मंगळवार
गाडी आली. खोका उघडला आणि शिसारी आली.
टायर प्लास्टिकचे! टणक. नखाने वाजवले तर टकटक. त्यावर एक खाच नाही, एक रेघ नाही. बावीस वर्षं मी लोकांना हात जोडून सांगतोय की घासून गोटा झालेला टायर म्हणजे मरण. आणि या लोकांनी कारखान्यातूनच गोटा करून पाठवलाय. सोबतच्या पुस्तकात लिहिलंय, गाडी घसरावी म्हणून टायर कडक असतात. लाज नाही.
युवराज आला होता. भवानीनगरला ऊस घालतो, त्याच्या दोन ट्रॉल्यांवर माझं अर्धं दुकान चालतं. त्याने गाडी उचलून बघितली आणि म्हणाला, इकबालभाई, ह्ये टायर हाईत का पायपाचं तुकडं? मला असं दिलं असतं तर मी तुमाला वढ्यात बुडवला असता. अडाणी माणूस, पण बरोबर बोलला.
पहिली चाचणी: गाडी जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरली. दुसरी: तीच गोष्ट, उलट्या दिशेने. निदान पक्कं. दोष टायरचा.

१३ नोव्हेंबर
पुस्तक वाचलं. उजवीकडे वळताना गाडी घसरली की पुढची चाकं डावीकडे धरायची म्हणे. याला काउंटर स्टिअरिंग म्हणतात. आमच्याकडे याला ड्रायव्हर प्यायलाय म्हणतात.
शिवाय रिमोटचा घोडा, बंदुकीला असतो तसा, हळूच दाबायचा, हळूच सोडायचा. चमचाभर. मी ट्रॉलीचे नट उघडणारा माणूस. चमच्याची कामं मला सांगू नका.
पुस्तक कबुतरांच्या पिंजऱ्यावर ठेवून दिलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
आज इतिहास घडवला. ट्रॅक्टरच्या जुन्या टायरचं रबर कापलं, तासलं, सोल्यूशन लावून खोक्यातल्या जादा चाकांवर दाबून बसवलं. मग ब्लेडने एकेक खाच कोरली. मागच्या चाकांना उलटे व्ही, अगदी ट्रॅक्टरसारखे. देखणं काम झालं. नखाएवढ्या खाचा, पण चिखलातून ट्रॉली ओढतील.
प्लास्टिकचे टायर चाकांसकट चिमट्यात धरून जिन्याखालच्या डब्यात फेकले. हात धुतले.
सहा तास कसे गेले कळलं नाही. पूर्ण रविवारात टायरचा विचार एकदाही मनात आला नाही. छंदाचा हाच फायदा.

१८ नोव्हेंबर
प्रगती. गाडी आता भोवऱ्यासारखी फिरत नाही. सुसाट सरळ जाते आणि भिंतीला धडकते. वळवली की उताणी पडते. चाकं वर करून फिरत राहतात तेव्हा खाचा फार छान दिसतात.

२४ नोव्हेंबर, सोमवार
बॅटरी डिफेक्टिव्ह निघाली. सकाळी पूर्ण चार्ज करून दुकानात उतरतो, संध्याकाळी येऊन बघतो तर मेलेली. कंपनीला फोन लावला. चांगलं झापलं. तिकडची बाई म्हणाली, सर, दुपारी घरात कोणी वापरतं का? मी म्हणालो, घरात फक्त दोन बायका आहेत. त्यावर ती म्हणाली, मग त्यांनाच विचारा, सर. टाळाटाळ, दुसरं काय.

२९ नोव्हेंबर
एक चांगली गोष्ट. अम्माचे गुडघे सुधारलेत. पूर्वी जिन्याकडे बघायची नाही, आता रोज दुपारी वर जाऊन खिडकीपाशी उन्हाला बसते. माझ्या छंदाने घरात उत्साह आलाय. हीनाही तिच्या सोबतीला जाते.
एक वाईट गोष्ट. ट्रॅकच्या फरशीवर गोल गोल पुसट रेघा उठल्यात, एकमेकींना चिकटलेल्या. हीनाला सांगितलं, फरशी गोल गोल पुसत जाऊ नको, सरळ पुस. ती बरं म्हणाली. अम्माला ठसका लागला.

६ डिसेंबर, शनिवार
चाकांचे नट पुन्हा सैल. आठवड्यात तिसऱ्यांदा. फालतू माल. मी घट्ट करतो, दुसऱ्या दिवशी सैल. असल्या मालावर माणसाने आठ काढायचा!

९ डिसेंबर
आठ निघाला! दोनदा! हीनाला हाका मारून वर बोलावलं. गाडी बैलगाडीच्या चालीने, न घसरता, ऐटीत आठ काढून आली. हीनाने करार आणून ‘आडवी घसरवत’ या दोन शब्दांवर बोट ठेवलं. शिवणाऱ्या बाईची नजर फार बारीक असते. वैताग.

१२ डिसेंबर, शुक्रवार
युवराजला विचारायची चूक केली. तो ट्रॉलीत हवा भरून घेत होता. म्हणाला, भाई, आमच्या चिखलात ग्रीप लागती, तुमच्या खेळाला घसरण लागती. तुमी पायजे ती काढली आन् नको ती लावली. त्ये पायपाचं तुकडंच बरं व्हतं.
टायरबद्दल मला शिकवतोय. मला! हवा भरून दिली, पण पैसे पूर्ण घेतले.

१७ डिसेंबर
चार दिवस उरले. सराव कमी करणार. जास्त सरावाने हात बिघडतो.
जिन्याखाली गेलो होतो. मशिनींवरची चादर धुतलेली दिसली, तेलाची बाटली शेजारी. हीनाचा माझ्यावर एवढा अविश्वास! डोळ्यांत पाणी आलं. धूळही असेल.

२१ डिसेंबर, रविवार. सकाळी ६.३०
निघालो बारामतीला. हीनाने पर्स नेहमीपेक्षा मोठी घेतलीय. अम्मा अर्ध्या तासापासून चपला घालून बसलीय. नवीन चष्माही लावलाय. साक्षीदार म्हणून फार मनावर घेतलंय तिने.
जिंकल्यावर दोन शब्द बोलायला सांगतील. ‘हे यश अचानक मिळालेलं नाही’ इथून सुरुवात करेन.

सायं. ७
लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.
रिकाम्या फर्निचर शोरूमचा तळमजला. तीसेक माणसं. त्यात एक दातांचे डॉक्टर, ज्यांनी मला चहाच्या एका कपात जायरो नावाचा भाग समजावला. मला कळला नाही आणि चहाही गार झाला. मीट चालवतात रोहिणी मॅडम, कॉलेजात शिकवतात. नवीन माणसाला तीन संधी देतात.
पहिली: उताणी.
दुसरी: वळणांना ठेवलेले चार शंकू आडवे, मग उताणी.
तिसरी: निघाली जोरात, एक वळण घेतलं आणि रोहिणी मॅडमच्या पायावर जाऊन थांबली.
मॅडमनी गाडी उचलली. टायर बघितले. चष्मा वर करून पुन्हा बघितले. विचारलं, हे कुठून आणले? मी म्हणालो, स्वतः बनवले. त्यांनी सगळ्यांना हाक मारली. गाडी हातोहात फिरली. लोक म्हणाले, काय काम आहे, काय फिनिश आहे. माझी छाती फुगली. मग मॅडम म्हणाल्या, इकबालजी, ड्रिफ्टला याच्या नेमकं उलटं लागतं. पण आमच्याकडे दगडांवर चढणाऱ्या छोट्या गाड्याही आहेत, त्यांना असे सहा सेट करून द्याल?
टायर! इथेही टायर!
एवढ्यात मागून अम्मा म्हणाली, सूनबाई, काढ गं त्ये.
हीनाने पर्स उघडली. आत डबा. डब्यात मी फेकलेले प्लास्टिकचे टायर, फडक्यात गुंडाळलेले, आणि माझाच छोटा पाना, जो मी आठवडाभर शोधतोय. तिने चारी चाकं बदलली. हात असा चालत होता की बघत राहिलो. रोज करत असल्यासारखा. मग बॅटरी आठवली. नट आठवले. फरशीवरच्या रेघा आठवल्या. कंपनीतली ती बाई आठवली.
अम्मा खुर्चीत बसली, रिमोट मांडीवर घेतला, बोट घोड्यावर ठेवलं. गाडी निघाली, आडवी झाली आणि आडवीच राहिली. या शंकूला वळसा, मधून कलटी, त्या शंकूला वळसा. एक आठ. थांबलीच नाही. दुसरा. तिसरा काढताना अम्मा दातांच्या डॉक्टरांशी गुडघ्याबद्दल बोलत होती.
लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो, गाडी फार सुंदर दिसत होती.
परत येताना अम्मा म्हणाली, तू लई दाबतुयास रं. जरा सोडावं बी लागतं. मी खिडकीबाहेर बघत होतो. बघण्यासारखं काही नव्हतं.

२२ डिसेंबर, सोमवार
पहिला मुद्दा: गाडी माझी, आठ माझ्या गाडीने काढला. हीनाने ‘स्वतः’ या शब्दावर बोट ठेवलं.
दुसरा मुद्दा: करारात कोणत्या लिपीतला आठ ते लिहिलेलं नाही. माझी तिसरी फेरी नीट आठवली तर एक वळण आणि एक शेपूट. मराठीतला ८ वेगळा काय असतो? हीना म्हणाली, आडवा घसरला का पण? शिवाय त्यो आकडा बाईच्या पायावर संपला.
तिसरा मुद्दा: साक्षीदार फितूर. साक्षीदाराला विचारलं. साक्षीदार वर सराव करत होता.

१ जानेवारी, गुरुवार
मशिनी वर चढवल्या. मीच चढवल्या, दुसरं कोण? हीना पाटी स्वतः लिहून लावत होती. तीन वर्षांत तिला एवढं हसताना पाहिलं नव्हतं. थोडं बरं वाटलं. थोडंच.
पाचाच्या सात मुली झाल्या. पिंजरा गच्चीवर गेला. सायकल भंगारात. पुस्तक अम्माने ठेवून घेतलं, चित्रं बघायला.
नवीन वर्षाचा संकल्प: कोणताही छंद नाही. आणि ते सहा सेट मी मुळीच करणार नाही.

६ जानेवारी, मंगळवार. दुपारी ४.४०
चौथा सेट कोरतोय. मॅडमचे दोन फोन आले, शब्द मोडवत नाही.
चार वाजता क्लास सुटतो. मग मुली मशिनी भिंतीला सरकवतात आणि पाचपर्यंत खोली अम्माची. दुकानात बसून वरचा आवाज ऐकतो. घसरतानाचा आवाज वेगळा असतो, रेशीम ओढल्यासारखा. मला वर जायची परवानगी आहे, बघायला. कामातून वेळ मिळत नाही.
आत्ताच क्लासमधली रेश्मा धावत खाली आली. म्हणाली, काका, आजीनं वर बोलिवलंय. मी उठून केसांवरून हात फिरवला. म्हटलं, शेवटी आठवण झाली. वळणावर काही अडलं असेल, विचारायचं असेल मला.
ती म्हणाली, न्हाय, मागचं डावं चाक झिजलंय. आजी म्हणल्या, त्याला म्हणावं टायर बघ जरा.
पाना घेतला. वर चाललोय.