चार नंबरचा माउथपीस

८ मार्च, मंगळवार
सात नंबरचा माउथपीस आणला आणि पस्तावले! फुंकलं की नुसतीच हवा — फुस्स. चार सूर काढले तर डोळ्यांपुढे काजवे. बाबा केवढे धिप्पाड, सॅक्सोफोन त्यांचा, म्हणजे नंबरही मोठाच लागणार — हे माझं डोकं.

वीस तारखेला वाद्यवृंदाची निवड. जागा एकच. आणि मला वाजवायचंय बाबांसारखं. ते होते तोवर त्यांना वाजवताना कधी पाहिलं नाही, फक्त ऐकलं. लहानपणी दुपारी मी अर्धवट झोपेत असायचे. पडद्यातून ऊन यायचं, बंद दारामागून तो सूर यायचा. उठले नाही कधी. वाटायचं, उठले की थांबेल.

९ मार्च
वाद्यदुरुस्तीवाले काका पोट धरून हसले. "अहो बाई, चपला आहेत का या, वाढत्या अंगाच्या घ्यायला?" नंबर म्हणजे म्हणे माउथपीसचं टोक आणि त्यावरची वेताची पातळ पट्टी यांच्यातली फट. फट मोठी, तर दम जास्त. "तुम्हाला चार पुरे. जुना कुठे गेला?"

११ मार्च
सापडला! सॅक्सोफोनच्या पेटीच्या फाटक्या अस्तरात, रुमालात गुंडाळलेला. नंबर चार. एवढा मोठा माणूस आणि चार?

आईला विचारलं. "मला मेलीला काय कळतंय त्यातलं!" तोंडावर हात ठेवून हसली. नेहमी तशीच हसते.

१२ मार्च
श्वास कसा अलगद जातो! पण वाद्याच्या मानेवरच्या कॉर्कवर बसत नाही, डुगडुगतो. घोडं इथे पेंड खातंय. कागद गुंडाळला.

१५ मार्च
काकांना नुसता माउथपीस दाखवला. त्यांनी भिंग लावलं. वरच्या बाजूला दातांच्या दोन खाचा — एक सरळ, एक तिरकी आणि खोल. "वाजवणाऱ्याचा पुढचा दात वाकडा. आणि वर्षानुवर्षं वाजवलंय हां!"

मला बाबांची कवळीच आठवते. घरी येऊन माझे दात ठेवून पाहिले. बसत नाहीत. बाबांच्या जागी मी मावत नाही! रडले.

१८ मार्च
स्वप्न पडलं. ऊन, पडदा, दार. ढकललं तर आत आणखी एक दार.

२० मार्च, रविवार
निवडीला एक तास. सूर उतरलेला, काही केल्या चढेना. आई ओले हात पुसत आली. "आण इकडे. कागद कशाला कोंबलास? बोटभर आत ढकल, तिथे कॉर्क जाड आहे." ढकलला. घट्ट बसला. मग तिने तोंडाला लावला — आणि वाकडा दात बरोब्बर खाचेत!

"दात दिसतो म्हणून मी दार लावून वाजवायचे. तुला वाटलं बाबा, तर वाटू दिलं."

बाबा तर दुपारी कामावर असायचे! इतकी वर्षं माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

त्याच दिवशी, थोड्या वेळाने
निवडीला उशीर होतोय, होऊ दे. मी आईसमोर बसलेय, टक्क जागी. तरी सूर थांबलेला नाही.