शेजारच्या सीटचा पट्टा

अहो,

गाडीच्या विम्याचं तुम्हीच बघायचात. तुम्ही गेलात आणि त्याची मुदत संपल्याचं माझ्या ध्यानातच आलं नाही. मंगळवारी सिग्नलला उभी होते, तेव्हा मागून टेम्पो येऊन आदळला. चूक त्याची, म्हणून माझा विमा नसला तरी त्याच्या विमा कंपनीकडे भरपाई मागता येते, असं वकीलबाई म्हणाल्या.

अर्जात मी ‘गाडीत एकटीच होते’ असं लिहिलं. त्या कंपनीच्या सर्वेअरने अपघातानंतर काढलेला गाडीचा फोटो पुढे केला.

“मग शेजारच्या सीटचा पट्टा कुणी लावलाय, मॅडम?”

“सामानाच्या पिशवीला लावला होता,” मी म्हटलं. पण पिशवी तर डिकीत होती.

तुमच्या जिवंतपणी मी कानीकपाळी ओरडले, तरी तुम्ही कधी पट्टा लावला नाहीत. मंगळवारी लावलात, म्हणजे टेम्पो येतोय हे तुम्हाला दिसलं होतं. मग मला एक हाक का नाही मारलीत?

मान आखडलेली,
तुमचीच