उजवा पंख बोटभर मोठा

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

वाकून नमस्कार. (मनाने वाकले आहे असं समजा. कंबर गेलं वर्षभर विमानाच्या शेपटीखाली वाकलेलीच होती, आता ती माझं ऐकत नाही.) तुमचे गुडघे कसे आहेत? यजमानांचा खोकला गेला का? मागच्या पत्रात तुम्ही विचारलं होतंत, "माझ्या भावाचं विमान कुठवर आलं?" तर वन्सं, ते वर गेलं. वर गेलं, फिरलं आणि अख्खंच्या अख्खं खाली आलं, आणि ते चालवत होते मी. आता चष्मा लावा, पाण्याचा तांब्या जवळ घ्या आणि सावकाश वाचा.

तुमच्या बंधुराजांचा स्वभाव मी तुम्हाला काय सांगणार, तुमच्याच कडेवर वाढलेले ते. तंत्रशाळेत तीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं. कागदावर रेघ अशी मारतात की बघत राहावं. पण कागद सोडून लाकडाला हात लावला की काम निम्म्यावर येतं आणि तिथेच मुक्काम करतं. आमच्या कपाटाला तीन खण आहेत आणि दार एक. बुद्धिबळाचा संच कोरला, त्यात घोडे नाहीत. (पाहुणे आले की मी कोटाची चार मोठी बटणं देते.) आत्मचरित्र तिसरीच्या वार्षिक परीक्षेपाशी थांबलंय, निकाल अजून लागायचाय. त्यामुळे नऊ वर्षांपूर्वी त्यांनी दोन माणसांच्या विमानाचे नकाशे मागवले आणि लॉन्ड्रीच्या मागचं रिकामं गोदाम घेतलं, तेव्हा मी भांडलेसुद्धा नाही. म्हटलं, पडू दे आणखी एक घोंगडं भिजत. तुम्ही मात्र भेटेल त्याला सांगत सुटलात की भाऊ विमान बांधतोय. (तुमच्या दंतवैद्याने मला त्याबद्दल विचारलं, तेही माझ्या तोंडात चिमटा असताना. मी काय उत्तर देणार?)

झालं अपेक्षेप्रमाणेच. सांगाडा झाला, शेपटी झाली, डावा पंख झाला आणि गाडी रुतली. तीन वर्षं सांगाड्यावर कोळ्यांनी संसार थाटले. गेल्या वर्षी मी शिवणाचं दुकान धाकट्या लेकीच्या हाती दिलं आणि घरी बसले. बसून दोन दिवस झाले नाहीत तोच हात शिवशिवायला लागले, म्हणून झाडू घेऊन गोदामात गेले. भिंतीवर उजव्या पंखाचा नकाशा टांगलेला. उभी राहून बघितला आणि वन्सं, माझ्या लक्षात आलं की ही बाही आहे! आत पातळ लाकडाच्या फासळ्या, वरून ताणून बसवलेलं कापड, संपली गोष्ट. आणि असला राग आला म्हणून सांगू! चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकाला दिलेली तारीख मोडली नाही, आणि माझ्याच घरात एक बाही तीन वर्षं भिंतीला लटकतेय? तिथेच ठरवलं, हे विमान मी पुरं करणार, उडवणार, आणि ज्यांनी सुरू केलं त्यांना त्यात बसवणार. तेहतीस वर्षांच्या संसारात एक तरी गोष्ट शेवटच्या टाक्यापर्यंत गेलेली मला बघायची होती.

आता माझी एक चूक सांगते, ती तुमच्यापाशीच ठेवा. (दंतवैद्याला तर अजिबात नको.) उजव्या पंखाच्या तेरा फासळ्या मी प्लायवूडमधून कापल्या. यांनी केलेली डाव्या पंखाची फासळी घेतली, लाकडावर ठेवली, पेन्सिल फिरवली आणि सवयीने चहूबाजूंनी बोटभर माया सोडली. कपड्याला आम्ही सोडतोच ना, शिलाईसाठी, आणि उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. पंखाचं अंग कशाला भरतंय? पण हातालाच ती खोड. तेराच्या तेरा फासळ्या जागेवर बसल्यावर हे दोरी घेऊन मोजायला आले. दोन्ही पंख मोजले, परत मोजले, मग चष्मा पुसून पुन्हा मोजले आणि मला म्हणाले, "उजवा जरा सुटलाय." मी म्हटलं, पोटाकडून घेते थोडा आत. तेरा फासळ्या रंध्याने बोटभर तासायला मला पाच आठवडे लागले. यांनी तेवढे दिवस चहा करून दिला आणि एक शब्द टाकून बोलले नाहीत, हे मात्र कबूल करायला हवं.

कापडाचं काम म्हणजे माझं राज्य. वीतभर लांबीची सुई आणि मेण लावलेला दोरा, वरून खुपसायची, खालून काढायची, फासळीला आवळून गाठ मारायची, चार बोटं सोडून पुढची. अशा अकराशे गाठी मी मारल्या. पण हे कापड ताठ बसायला वरून इस्त्री फिरवावी लागते, आणि तीही मोजून. कमी तापली तर कापड लोंबतं, जास्त तापली तर वितळतं. हे पुस्तकात वाचत बसले होते. मी सरळ पुढच्या दारी जाऊन लॉन्ड्रीवाल्याला बोलावलं. (याला सगळे 'कडक' म्हणतात. याने इस्त्री केलेल्या सदऱ्यात माणसाला वाकता येत नाही.) कडकने इस्त्रीजवळ गाल नेला, डोळे मिटले, म्हणाला "आत्ता", आणि तीन दुपारी खपून पंख असे ताणले की टिचकी मारली तर ढोलकीसारखे वाजावेत. शेवटी त्याने दोन्ही हातांनी पंखाचं टोक धरलं. मी विचारलं, काय करताय? तर घडी घालायला निघाला होता!

दोन्ही पंखांचं कापड, मग इंजिन, तारा, एकेक करत सगळं मीच बसवत आणलं, तरी मला एक गोष्ट खटकत होती. चाकांवर उभ्या सांगाड्यात सीट बसवली तेव्हापासून गोदामात येणारा प्रत्येक माणूस त्यात बसून तोंडाने घर्रर्र करून गेला. कडक बसला, पोस्टमन बसला, वीज मीटर बघायला आलेली बाई तर उतरेचना. हे एकदाही बसले नाहीत. मग मला एकेक आठवायला लागलं. घर तळमजल्यावरच हवं म्हणून हटून बसलेले कोण, हेच. तेहतीस वर्षं घरातले दिवे बदलतंय कोण, तर मी. हे खाली उभे राहून स्टूल धरतात, आणि मी आपली त्याला आळस समजत आले. एका दुपारी मी हातातली सुई खाली ठेवली आणि सरळ विचारलं. तर हे हातातला पाना पुसत पुसत म्हणाले, "पुरं झालं की उडवावं लागेल ना." वन्सं, मला इतकं वाईट वाटलं. नऊ वर्षं हा माणूस आपल्याच विमानाला घाबरून हळूहळू काम करत होता आणि मी त्याला अर्धवट म्हणत होते. मी म्हटलं, तुम्हाला कोण उडवायला सांगतंय, मी आहे की!

म्हटलं खरं, पण शिकायचं होतं. विमानाच्या मैदानावरची शिकवणारी पोरगी माझ्या धाकटीच्या वयाची, आवाज मात्र सासूचा. विमान जमिनीवर वळवायला पायाखाली दोन पट्ट्या असतात. डावी दाबली की डावीकडे, उजवी दाबली की उजवीकडे. माझे पाय चाळीस वर्षं शिवणयंत्रावर गेलेले, बसल्याबरोबर टाच-चवडा, टाच-चवडा सुरू. पहिल्या दिवशी शिकवणीचं विमान धावपट्टीवर असं चाललं की कोणी नागमोडी शिलाई घालतंय वाटावं. पोरगी मागून ओरडली, "काकू, पाय थांबवा!" काकूंचे पाय थांबवायला पाच धडे लागले. पण एकदा थांबले ते असे की परवान्याच्या परीक्षेत तिने माझ्या पायांचं कौतुक केलं. (एकोणसाठाव्या वर्षी पायांचं कौतुक! मी यांना मुद्दाम दोनदा सांगितलं.)

मग विमान उडवायची मंजुरी देणारे तपासनीस साहेब आले. काटकुळे, हसायची परवानगी नसलेले. काडीला लावलेला चिमुकला आरसा घेऊन ते सकाळभर विमानाच्या पोटात शिरत होते. एकेक नट हलवून बघितला, गाठी बघितल्या, टाके मोजले. मोजता मोजता आकडा विसरले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजले, तेव्हा मला माणूस बरा वाटला. शेवटी वही उघडली. नियम असा की निम्म्याहून जास्त काम ज्याच्या हातचं, त्याचंच नाव बांधणारा म्हणून कागदावर लागतं. कोणाचं लिहू, म्हणाले. तुम्ही इतकी वर्षं सांगत आलात भावाचं विमान, भावाचं विमान. मी तोंड उघडायचं तरी कसं? मी पदराला हात पुसत राहिले. तर हे पुढे झाले आणि म्हणाले, "सुरू मी केलं. केलं हिने." वन्सं, माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. साहेबांनी तिकडे न बघता शिक्का मारला.

दुसऱ्याच आठवड्यात, सकाळी वारा पडलेला असताना, मी एकटी बसले. पट्टा तीनदा आवळला, खोटं कशाला सांगू? मैदानाच्या कुंपणाशी हे आणि कडक उभे. हे माझ्याकडे पाठ करून, आणि कडक त्यांच्या कानाशी धावतं वर्णन करत. वेग घेतला, शेपटी उचलली आणि चाकांखालची खडखड एकदम थांबली. थांबली म्हणजे काय हे कळायला मला एक क्षण लागला. मग मी ओरडलेच. काय ओरडले ते लिहीत नाही, पण वरती ऐकायला कोणी नव्हतं. खाली घरांची छपरं, वाळत घातलेले कपडे, कडकच्या लॉन्ड्रीवरच्या चादरी, आणि दोन्ही बाजूंना माझ्या अकराशे गाठी, एकही सैल नाही! मैदानाभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि उतरले. (दोनदा उडी बसली. पोरगी म्हणते, एकच धरू.) हे पाठमोरे चालत आले, अगदी जवळ आल्यावर वळले, पंखावरून हात फिरवला आणि म्हणाले, "उजवा अजून सूतभर मोठा आहे." मग मोठमोठ्याने रडायला लागले. आम्ही तिघंही रडलो. कडकने आम्हाला इस्त्रीचा एकेक रुमाल दिला. इतके ताठ की पाणी टिपेनात.

तर असं आहे सगळं. आम्ही मजेत आहोत. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, नातवंडांच्या गालांचे पापे.

तुमची,
हवेतून परत आलेली भावजय

ता. क. नियमाप्रमाणे मी एकटीने पंचवीस तास उडवले, ते मागच्या बुधवारी पुरे झाले. आता मागच्या सीटवर माणूस बसवता येतो. यांना म्हटलं, चला. तर म्हणाले, "ताई बसली तर तिच्यानंतर मी बसेन." तुम्ही काही येणार नाही अशी त्यांची खात्री आहे, म्हणून सध्या अगदी खुशीत आहेत. वन्सं, जगात ते एका तुमच्यापुढे भित्रे दिसायला तयार नाहीत. तेव्हा हे पत्र मिळताच निघा. मला त्यांना वरून त्यांचं गोदाम दाखवायचंय.

ता. क. आणखी एक. बसणाऱ्याचं खरं वजन कागदावर लिहावं लागतं, नाहीतर विमानाचा तोल चुकतो. तुम्ही माझ्या लग्नात सांगितलेला आकडा अजूनही सांगता, हे मला माहीत आहे. तो विमानाला चालणार नाही.

ता. क. कळवायची तसदी घेऊ नका. तेहतीस वर्षं तुमचे कपडे मी शिवतेय. आकडा मी भरला आहे, यांना दाखवलेला नाही. सोबतच्या कागदावर फक्त सही करा. भीतीचं म्हणाल तर गुरुवारी मी मागच्या सीटवर बरोबर तुमच्या वजनाची वाळूची पोती पट्ट्याने आवळून अर्धा तास फिरवून आणली. तुम्ही अजिबात घाबरला नाहीत.